अर्ध्यावरचा काटा

मंगळवार, २९ एप्रिल २०२५. आभाळ कोरडं, वारा पडलेला. सकाळीच पत्रे तडतडायला लागले होते आणि दुपार चढली तसा गोदावरीकडचा माळ असा झाला, की लांबचं काही सरळ उभं दिसेना. बाभळी, विजेचे खांब, पलीकडच्या गावचं देऊळ, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलत होतं.

अशा उन्हात बन्सीधर कडुलिंबाखाली पोत्यावर बसून पुण्याहून आलेलं पार्सल सोडत होता. खोक्यात एक पत्र्याची गोल चकती निघाली. तिला तारेचा वाकडा दांडा आणि दांड्याच्या टोकाला लिंबाएवढा काळा पोकळ गोळा. मेकॅनिक लोक ह्या सगळ्याला मिळून फ्लोट म्हणतात. तो टाकीत बसतो, डिझेलवर तरंगतो, डिझेल उतरलं की खाली येतो, आणि त्याच्या मागोमाग ड्रायव्हरसमोरचा काटा उतरतो. काम एवढंच. पण एवढ्याशा कामापायी त्या घरातला कर्ता माणूस गेला होता.

अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली पांढरी अँबॅसिडर बन्सीधरच्या थोरल्या भावाची, दिनकररावांची. येलदरीच्या वीजघरातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनीच घेतली आणि लेकरासारखी जपली. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी, परभणीहून एकटेच परत येताना ती सोनपेठच्या अलीकडे माळावर बंद पडली. काटा अर्ध्यावर होता. अर्धी टाकी डिझेल आहे म्हटल्यावर दिनकररावांनी टाकीकडे पाहिलंच नाही. गाडी तापली असेल असं समजून त्यांनी बॉनेट उघडलं, आणि जवळचं पिण्याचं पाणी, पाच लिटरचा कॅन होता तो, सगळं रेडिएटरमध्ये ओतलं. गाडी तरीही चालू होईना. मग ते रिकामा कॅन घेऊन पायी निघाले. मेंढरं घेऊन येणाऱ्या, गावातल्याच ग्यानबाला ते एका बाभळीखाली सापडले. कॅन पोटाशी धरलेला होता. गाडी ओढून आणली तेव्हा टाकी खडखडीत निघाली. जुना फ्लोट अर्ध्यावर अडकून बसला होता.

त्यानंतर गाडी बन्सीधरच्या हाती आली. तो टाकीत निरगुडीचा फोक, म्हणजे सरळ बारीक काठी, घालून डिझेल मोजायचा आणि महिन्यातून एकदा गावाभोवती फेरी मारायचा. पण आता दिनकररावांची लेक निकिता बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना भरत आलेला. उद्या अक्षय्य तृतीया, लग्नाची दाट तीथ, पंचक्रोशीतल्या साऱ्या जीपा वऱ्हाडाला लागलेल्या. वेळ आली तर दारात गाडी हीच. आणि चतुराबाईंनी, म्हणजे बन्सीधरच्या वहिनींनी, सांगून टाकलं होतं:

"भावजी, काटा खरं बोलायला लागला तरच माझी लेक त्या गाडीत बसंल. न्हाई तर न्हाई."

म्हणून हे पार्सल.

दांडा हातानं वर-खाली करून पाहिला असता तर काम पाच मिनिटांत झालं असतं. पण बन्सीधर तसा माणूस नव्हता. हातानं हलवला तर जुना फ्लोटसुद्धा सुरळीत फिरायचा. टाकीत गेल्यावर अडकायचा. त्याला फ्लोट पाण्यावर तरंगताना, पाण्याबरोबर उतरताना बघायचा होता. घरातल्या बादल्या नळाच्या पाण्यानं भरून ठेवलेल्या, त्यांत ग्रीस लागलेला फ्लोट कोण बुडवू देणार? पण लिंबाच्या बुंध्याशी एक नवी लाल घागर होती, रुंद तोंडाची, काठोकाठ भरलेली. पाखरांसाठी ठेवली असेल असं त्याला वाटलं. ती त्याने उचलून गाडीच्या मागे स्टुलावर ठेवली, फ्लोट तिच्या तोंडात धरला, डिकीतली वायर त्याला जोडली, दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला, आणि किल्ली फिरवली.

मागे डिकीजवळ उभ्या माणसाला पुढचा काटा दिसत नाही. म्हणून ह्या कामाला दोघं लागतात. एकानं मागे फ्लोट धरायचा, दुसऱ्यानं पुढे बसून काटा सांगायचा. पुढे बसायला ग्यानबा आला. मेंढरं कुंपणाकडेच्या सावलीत बसली होती.

"ह्या सीटवर बसलं की मला तहसीलदार झाल्यावानी वाटतंय बघ," ग्यानबा आतून म्हणाला.

"तहसीलदारसाहेब, काट्याकडं बघा. किती हाय?"

"फुल! पार कडंला टेकलाय."

बन्सीधरने घागरीतून तांब्याने पाणी काढून लिंबाच्या आळ्यात ओतलं. गोळा डुलत खाली आला.

"आता?"

"पाऊण... पाऊणच्या जरा खाली."

पुन्हा दोन तांबे.

"आता?"

"अर्धा! बराबर अर्धा. बन्सीभाऊ, हे तर इमानदार निघालं की रं!"

बन्सीधर हसला. त्याने हातातला फ्लोट हलू दिला नाही. पाणी निवांत होऊ दिलं. मान खाली घालून तो घागरीत बघत होता. आतल्या गोल अंधारात काळा गोळा स्थिर उभा होता. एव्हाना कावळासुद्धा ओरडत नव्हता. नव्या मातीचा वास येत होता आणि त्यात थोडा, अगदी थोडा, जुन्या रेक्झिनचा.

"परत सांग," तो म्हणाला. "किती?"

मग पुढून आवाज आला, खालच्या पट्टीत.

"रिकामी."

"अरे नीट बघ. अर्ध्यावर हाय ना?"

"रिकामी हाय."

"ग्यानबा, थट्टा नको करू. उन्हात उभा हाय मी."

"रिकामी हाय, बन्शा..."

बन्सीधरच्या हातातला फ्लोट घागरीच्या काठावर आपटला. गावात त्याला बन्सीभाऊ म्हणत, बायको अहो म्हणे, वहिनी भावजी म्हणत. बन्शा म्हणणारं माणूस एकच होतं.

तो गाडीला हात लावत लावत पुढे गेला. पत्रा चटके देत होता, तरी त्याने हात काढला नाही. पुढचं दार सताड उघडं होतं. सीटवर कोणी नव्हतं. जुन्या सीटची स्प्रिंग कुरकुरत, अगदी सावकाश, वर येत होती. एखादा जड माणूस नुकताच उठल्यावर येते तशी.

काटा अर्ध्यावर होता. घागरही अर्धी होती.

"बन्सीभाऊ!" लांबून हाक आली. ग्यानबा बांधाकडून येत होता, खांद्यावर एक कोकरू घेऊन. "हे लबाड तारंत अडकलं व्हतं. 'अर्धा' मनून वरडलो अन् तसाच पळालो. तू आयकलंस ना?"

"आयकलं," बन्सीधर म्हणाला.

दोघं बोलत होते तेवढ्यात चतुराबाई बाहेर आल्या. त्यांनी स्टूल पाहिलं, वायरी पाहिल्या, आणि कपाळाला हात लावला.

"भावजी! केळी हाय ती! तुमच्या भावाच्या नावाची!"

अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरून पूजतात. तिला इकडे केळी म्हणतात. उन्हाळ्यात गेलेल्यांना पाणी पोचावं म्हणून हे करतात. कोरी घागर पाझरते, म्हणून ती आदल्या दिवशी भरून झाडाखाली मुरत ठेवायची असते. बन्सीधरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आईच्या मागे हे सगळं बायकाच बघत, आणि त्याच्या डोक्यात त्या घडीला फ्लोटशिवाय दुसरं काही नव्हतं.

"दुसरी आणतो, वहिनी. आत्ता जातो सोनपेठला."

"कुठून आणता? सकाळीच शेवटच्या दोन व्हत्या कुंभाराकडं." त्यांनी घागर उचलून नाकाशी नेली. "ग्रीसचा वास यायलाय."

मग त्या खाली बसल्या आणि राखेनं घागर आतून घासायला लागल्या. घासता घासता आवाज मऊ झाला. "जाऊ द्या. त्यांच्या तरी अंगाला दुसरा कुठला वास व्हता? जेवायला बसले तरी डिझेलच."

बन्सीधरने पुढच्या सीटवरचं कोणालाच सांगितलं नाही. ऊन लागलं असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. संध्याकाळी उजेड होता तोवर फ्लोट टाकीत बसवला, नवीन वायसर घातला, स्क्रू आवळले. टाकी पूर्ण कोरडी केलेली होती. कॅनमधून दहा लिटर डिझेल ओतलं. काटा पाववर आला. फोक घालून पाहिला, फोकही तेवढाच भिजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. वहिनींना बोलावून दोन्ही दाखवलं. त्यांनी फोकावरून बोट फिरवलं, काट्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

बुधवारी सकाळी केळी पूजली. पाटावर गहू, त्यावर घागर, गळ्याला पांढऱ्या दोऱ्याचे वेढे, तोंडावर खरबूज. पाणी काठोकाठ, त्यात वाळा. बन्सीधरने घरच्या सगळ्यांसोबत हात जोडले. आंब्याच्या रसाचं जेवण झालं. निकिता दोन घास खाऊन उठली.

उन्हं कलायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या.

एकशे आठला फोन लावला तर ती गाडी दुसऱ्या गावच्या बाळंतिणीला घेऊन निघाली होती. जीपा लग्नांना. ग्यानबा दारात येऊन म्हणाला, "सुगतचा टेम्पो उभा हाय पारापाशी. मेंढरं उतरवून आत्ताच आलाय. म्या सांगू का त्याला?"

"माझी लेक मेंढराच्या टेम्पोत?" चतुराबाई कडाडल्या. "बापाची गाडी दारात असताना?"

निकिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते. "आई, कशातबी बसवा... पण चला."

तिला मागच्या सीटवर निजवलं. उशाला चतुराबाई बसल्या. बन्सीधर पुढे बसला, त्याने किल्ली एक खाच फिरवली. इंजिन चालू करण्याआधी काटा बघायचा, हे त्याने तीन वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं.

काटा उठला. पावपाशी आला. तिथे थांबला नाही. तसाच सावकाश वर चढला आणि अर्ध्यावर जाऊन उभा राहिला.

"काय मनतोय काटा?" वहिनींनी मागून विचारलं.

"अर्धा."

"काल तर पाव व्हता."

बन्सीधर खाली उतरला. अडकला. नवाही फ्लोट अडकला, जुन्याच जागी, त्याला वाटलं. त्याने टाकीचं झाकण काढलं, फोक आत सारला, तळाला टेकवला, बाहेर काढला. फोक अर्ध्यापर्यंत ओला होता. पुसून पुन्हा घातला. अर्धाच.

काटा खोटं बोलत नव्हता.

"वहिनी... अर्धी भरलेली हाय. खरोखर."

"मग कुणी तरी टाकलं आसंल! ग्यानबानं टाकलं आसंल! चला की आता!"

निकिता ओरडली. तो धावत पुढे आला, बसला, फोक बाजूच्या सीटवर टाकला आणि किल्लीला हात घातला.

आणि मागून, डिकीतून, पत्र्याच्या पलीकडून आवाज आला. मागे उभा माणूस पुढे बसलेल्याला विचारतो, तसा.

"किती दावायलाय, बन्शा?"

किल्ली बोटांत तशीच राहिली. आरशात त्याला वहिनी दिसत होत्या. त्या लेकीच्या केसांवरून हात फिरवत होत्या. तो हात थांबला. वर गेला. त्यांनी खांद्यावरून घसरलेला पदर उचलला आणि नीट डोक्यावर घेतला. तीन वर्षांत घरात कुणासमोर त्यांनी असा पदर घेतला नव्हता.

"अर्धा..." बन्सीधरच्या घशातून निघालं. "अर्धा, दादा."

"रिकामी व्हती की रे," आवाज म्हणाला. दमलेला होता, पण समाधानाचा. "म्या भरली... आता जा."

बन्सीधरची नजर बाजूच्या सीटवर पडली. फोकाचा वरचा भाग तेलकट चमकत होता. खालच्या टोकाला मात्र गोल थेंब लटकले होते, न पसरता, मोत्यासारखे. त्याने त्यांना बोट लावलं. एवढ्या उन्हात ते थेंब गार होते. त्याने बोट नाकाशी नेलं. डिझेलच्या वासाखाली वाळ्याचा वास होता.

डिझेलखाली पाणी असेल तर इंजिन आधी पाणी ओढतं. गाडी निघते, पाइपातलं तेल संपेपर्यंत चालते आणि मग रस्त्यात बंद पडते. इथून निघालं तर ती कुठे बंद पडेल, हे त्याला मोजावं लागलं नाही. मधे माळच होता.

त्याने किल्ली काढून घेतली.

"ग्यानबा!" तो दारातून बाहेर ओरडला. "टेम्पो! सुगतला सांग, पळत आण!"

काट्यासाठी अडून बसलेल्या चतुराबाई आपणहून उतरल्या आणि लेकीला उतरवू लागल्या. टेम्पोत गोधडी अंथरली, लेंड्या पायानं बाजूला सारल्या. ग्यानबा एक पाय टेम्पोत टाकून निकिताला म्हणाला, "बाई, वासाला माफी कर. माझी समदी जिंदगी ह्याच वासात गेली, मेलो न्हाई." ती त्याही अवस्थेत हसली. टेम्पो धुरळ्यात दिसेनासा झाला तेव्हा ऊन अजून तसंच होतं.

बन्सीधर मागे राहिला. तो घरात गेला. पाटावर केळी होती. दोऱ्याचे वेढे जसेच्या तसे. खरबूज तोंडावर घट्ट. त्याने खरबूज उचललं आणि आत हात घातला. वाळ्याची जुडी हाताला लागली, सुकी. तळाला बारीक धूळ होती.

गुरुवार, १ मे. आभाळ कोरडं, दुपारनंतर थोडा वारा. निकिताला आदल्या दिवशी संध्याकाळी परभणीला मुलगी झाली, वजन दोन किलो आठशे. दोघी ठीक.

सकाळी बन्सीधर आणि ग्यानबाने मिळून टाकीच्या तळाचा बोल्ट सोडला. आधी पाणी आलं, स्वच्छ. त्याखाली त्यांनी केळीच धरली. ती काठोकाठ भरली आणि पाणी थांबलं. मग डिझेल आलं, दहा लिटर.

"कोण टाकणार हे?" ग्यानबा म्हणाला.

"माहीत न्हाई."

ग्यानबाने पाण्यात बोट बुडवलं, गाडीकडे पाहिलं आणि बोट धोतराला पुसलं. "त्या दिवशीबी त्यांनी सगळं पाणी हिलाच पाजलं व्हतं," तो म्हणाला, आणि मेंढरांकडे निघून गेला.

ते पाणी बन्सीधरने लिंबाच्या आळ्यात ओतलं. फ्लोट काढून तपासला. दांडा मोकळा फिरत होता, गोळ्यात चीर नव्हती. तो परत बसवला, तेच दहा लिटर पुन्हा भरलं. काटा पाववर, फोक पाववर. टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

शनिवारी चतुराबाई लेकीला आणि नातीला घेऊन आल्या. भाकरतुकडा ओवाळून झाल्यावर त्या आधी पाटाकडे गेल्या. खरबूज बाजूला ठेवलेलं, केळी रिकामी. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"मंग तहानलेलेच ऱ्हायले की ते," त्या म्हणाल्या.

त्यांनी हंड्यातलं पाणी घेतलं आणि केळी पुन्हा काठोकाठ भरली. बन्सीधर दारात उभा होता. त्याने अडवलं नाही.

रविवार, ४ मे २०२५. आभाळ निरभ्र, वारा नाही. टाकीचं कुलूप लागलेलं, किल्ली करदोट्याला. केळी कोरडी. काटा अर्ध्यावर. फोक अर्ध्यापर्यंत ओला.